डॉसबॉक्समध्ये जुन्या प्रोग्रॅमचे शॉर्टकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. डिचोलीपासून काणकोणपर्यंतची माणसं जुना सीपीयू, फ्लॉप्यांचा डबा, नाहीतर पेन ड्राइव्हवर नुसता एक फोल्डर घेऊन येतात. त्यात देवस्थानाच्या महाजनांची यादी असते, सोसायटीचे हिशेब असतात, खाणीच्या ऑफिसात कधीकाळी लिहून घेतलेला पगाराचा प्रोग्रॅम असतो. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचे प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्रॅम सुरू होतो, माणूस खूश होऊन घरी जातो आणि रात्री फोन येतो: ‘बटणं चालत नाहीत.’ तेच ते प्रश्न आता इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. माझं धोरण पहिल्यापासून एकच आहे. वीस-तीस वर्षं एका वळणावर बसलेली बोटं बदलायला लावायची नाहीत, बदलायची ती एम्युलेटरची बटणं.

१. जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर सरळ का उघडत नाही? एम्युलेटर कशाला हवा?

डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ते चालवण्याची सोय होती, ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती ठेवलेलीच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. म्हणून एम्युलेटर लागतो, म्हणजे संगणकाच्या आत जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यात सगळ्यात रुळलेला डॉसबॉक्स, २००२ पासूनचा. त्याच्यापासून पुढे डॉसबॉक्स-एक्स आणि डॉसबॉक्स स्टेजिंग निघाले. खाली नुसतं ‘डॉसबॉक्स’ लिहिलं असेल तिथे मूळचा, ०.७४ मालिकेतला समजावा.

२. शॉर्टकट चालत नाही. सुरुवात कुठून करू?

बटण दाबल्यावर ते तीन दारांतून जातं. पहिलं दार विंडोजचं, दुसरं एम्युलेटरचं, तिसरं तुमच्या जुन्या प्रोग्रॅमचं. आधीच्या दारात कुणी ते ठेवून घेतलं तर पुढच्याला ते दाबलं गेल्याचं कळतही नाही. म्हणून बटण दाबून नीट बघा, काय झालं?

विंडोजचा मेनू उघडला, विंडो बदलली किंवा आवाज कमी झाला तर अडचण पहिल्या दारात आहे (प्रश्न ६, ९, १० आणि ११ पाहा). माउस अडकला, विंडो अचानक बंद झाली किंवा प्रोग्रॅम एकदम हळू पडला तर दुसऱ्या दारात (प्रश्न ३, ४ आणि ७). काहीच झालं नाही, किंवा भलतंच अक्षर उमटलं, तर बहुतेक कीबोर्डच्या मांडणीचा घोळ आहे (प्रश्न ८ आणि ९). ही एवढी तपासणी केलीत तरी निम्मं काम झालं. लोक उगाच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा कॉपी करत बसतात. प्रोग्रॅममध्ये सहसा काही बिघडलेलं नसतं.

३. टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम रन करायला कंट्रोल+एफ९ दाबलं की सगळंच बंद होतं. का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि पहिल्यांदा तो माझ्या भाचीनेच विचारला. ती तेव्हा डिप्लोमाला होती आणि टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेतले प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, शिकत होती. चाळीसेक ओळी टाइप केल्या, कंट्रोल+एफ९ दाबलं आणि समोर विंडोजचा रिकामा डेस्कटॉप. ‘मामा, माझ्या हातून काय चुकलं?’ तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. टर्बो सीमध्ये कंट्रोल+एफ९ म्हणजे रन. डॉसबॉक्समध्ये तेच दोन बटणांचं जोडपं म्हणजे ‘ताबडतोब बंद हो’. दुसऱ्या दारातच ते अडवलं जातं, टर्बो सीपर्यंत पोचत नाही, आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. डॉसबॉक्स ‘सेव्ह करायचं का’ असं विचारत नाही.

डॉसबॉक्स मुळात जुन्या गेम्ससाठी बनवलेला. गेम्समध्ये कंट्रोल आणि एफ-बटणं एकत्र फारशी लागत नाहीत, म्हणून बनवणाऱ्यांनी स्वतःची सगळी कामं त्या जोड्यांवर ठेवली. टर्बो सीवाल्यांनीही आधीच तेच केलेलं होतं. त्यामुळे टक्कर एकाच ठिकाणी होत नाही. कंट्रोल+एफ१ टर्बो सीमध्ये शब्दाची मदत दाखवतो, डॉसबॉक्समध्ये मॅपर उघडतो. कंट्रोल+एफ७ ने टर्बो सीमध्ये वॉच लागतो आणि कंट्रोल+एफ८ ने ब्रेकपॉइंट, पण डॉसबॉक्स त्या दोन्हींनी चित्राच्या फ्रेम कमी-जास्त करतो. कंट्रोल+एफ४ वरही असंच. ऑल्ट+एफ९ (कंपाइल), ऑल्ट+एफ५ (आउटपुट पाहणं), एफ७, एफ८ मात्र बिनबोभाट चालतात.

आजच्या आज प्रॅक्टिकल असेल तर हे करा: आधी एफ२ दाबून सेव्ह, मग ऑल्ट+आर ने रनचा मेनू उघडा आणि आर दाबा. प्रोग्रॅम रन होईल. कायमचा उपाय पुढच्या प्रश्नात.

४. मॅपर म्हणजे काय? त्यातून बटण कसं मोकळं करायचं?

डॉसबॉक्स चालू असताना कंट्रोल+एफ१ दाबा. काळ्या पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, खाली डॉसबॉक्सच्या स्वतःच्या कामांचे छोटे चौकोन असतात. ‘शटडाउन’ लिहिलेल्या चौकोनावर माउसने क्लिक करा. खाली त्याला बांधलेलं बटण दिसेल, एफ९, आणि ‘मॉड१’ च्या चौकटीत खूण. मॉड१ म्हणजे कंट्रोल, मॉड२ म्हणजे ऑल्ट. मॉड२ च्या चौकटीतही खूण करा. आता डॉसबॉक्स बंद व्हायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ तिन्ही एकदम लागतील, आणि नुसता कंट्रोल+एफ९ तुमच्या टर्बो सीला मिळेल. मग ‘सेव्ह’, मग ‘एक्झिट’.

बांधलेलं बटण पूर्ण काढायचं असेल तर ‘डेल’, दुसरं द्यायचं असेल तर ‘ॲड’. इथे एक खोच आहे, तीत बरेचजण अडकतात. ‘ॲड’ नंतर फक्त एकच बटण दाबायचं. कंट्रोल धरून एफ५ दाबायला गेलात तर कंट्रोल आधी लागतो आणि तोच एकटा बांधला जातो. मग कंट्रोल दाबला की स्क्रीनशॉट, असली आफत ओढवते. एफ५ एकटं दाबा आणि कंट्रोलसाठी मॉड१ ची चौकट वापरा.

कुठल्या चौकोनांना हात लावायचा ते तुमच्या प्रोग्रॅमवर आहे. फॉक्सप्रो (नोंदी आणि हिशेब ठेवण्याचं जुनं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी शटडाउनबरोबर ‘कॅप माउस’ सुद्धा हलवावा, कारण फॉक्सप्रोत विंडो मोठी करायला कंट्रोल+एफ१० लागतो आणि डॉसबॉक्स त्याच जोडीने माउस पकडतो. मी स्वतः दुकानातल्या प्रत्येक मशीनवर शटडाउन पहिल्याच दिवशी हलवतो, टर्बो सी असो वा नसो. एका चुकीच्या बोटाने दिवसाची नोंदणी जाऊ नये.

डॉसबॉक्स-एक्समध्ये मॅपर वरच्या मेनूतूनच उघडता येतो, आणि त्याची बरीचशी स्वतःची कामं ‘होस्ट’ नावाच्या एका बटणामागे ठेवलेली आहेत (विंडोजवर ते एफ११). जुन्या प्रोग्रॅमशी टक्कर त्यात कमी होते.

५. मॅपरमध्ये बदल केला, सेव्हही केलं, पण दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. असं का?

बहुतेक वेळा मशीनवर डॉसबॉक्स दोन असतात. एक तुम्ही उतरवलेला, दुसरा टर्बो सीच्या तयार पॅकेजबरोबर आलेला. प्रत्येक आवृत्तीची मॅपर फाइल वेगळी. एकात बदल करता आणि दुसरा उघडता. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून तो कुठल्या फोल्डरमधला आहे ते आधी पाहा.

उलट, बदल करून करून सगळाच गोंधळ झाला असेल तर स्टार्ट मेनूतल्या डॉसबॉक्सच्या पर्यायांत ‘रीसेट कीमॅपर’ आहे. तो मूळ बटणं परत आणतो.

६. लॅपटॉपवर एफ-बटणं दाबली की आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो. काय करू?

एफएन धरून एफ-बटण दाबा. रोजचं काम असेल तर एफएन लॉक लावा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केपने लागतं, नाहीतर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) त्याची सोय असते.

७. माउस विंडोत अडकून पडतो. बाहेर कसा काढू?

डॉसबॉक्समध्ये कंट्रोल+एफ१०. संगणकात दुसरा संगणक चालवणारे आणखी दोन प्रोग्रॅम आहेत: व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल, क्यूईएमयूमध्ये कंट्रोल+ऑल्ट+जी. पूर्ण पडद्यावर गेला असाल तर डॉसबॉक्समध्ये ऑल्ट+एंटर.

८. मुलगा लिस्बनला असतो, त्याचा जुना लॅपटॉप मी वापरतो. लोटसमध्ये (हिशेबाच्या तक्त्यांचा जुना प्रोग्रॅम) स्लॅश दाबून मेनू येत नाही, कोलनही उमटत नाही.

गोव्यात हा प्रश्न अगदी घरचा आहे. पोर्तुगालमध्ये विकलेल्या लॅपटॉपवर बटणांची छपाई वेगळी असते. स्लॅश तिथे शिफ्ट+७ वर, कोलन शिफ्ट+पूर्णविरामावर. डॉसबॉक्स मात्र बटणावर काय छापलंय ते बघत नाही. ते बटण कुठल्या जागी आहे तेवढं बघतो आणि बहुधा अमेरिकन मांडणी धरून चालतो.

म्हणून छापील अक्षरं विसरा आणि जागा लक्षात ठेवा. उजव्या शिफ्टला लागून डावीकडे जे बटण आहे (त्यावर आडवी रेघ छापलेली असते) ते डॉसबॉक्समध्ये स्लॅश. एलच्या उजवीकडे खाली शेपूट असलेला सी आहे, तो शिफ्टबरोबर दाबला की कोलन. म्हापशाच्या एका निवृत्त अकाउंटंट काकांच्या लॅपटॉपवर मी पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे लावून पेनने खुणा करून दिल्या. मेनू आला तसं त्यांनी न बघता स्लॅश, एफ, आर दाबलं आणि जुन्या फाइलींची यादी समोर. बोटांना सगळं पाठ होतं, फक्त स्लॅशचं घर बदललं होतं.

छपाईप्रमाणेच बटणं हवी असतील तर डॉसबॉक्सच्या प्रॉम्प्टवर ‘कीब’ आणि पुढे ‘पीओ’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्या. मग पोर्तुगीज मांडणी लागू होते आणि स्लॅश शिफ्ट+७ वर जातो. लोटसमध्ये मिनिटाला चार वेळा स्लॅश लागतो, म्हणून मी चिकटपट्टीच सुचवतो.

९. डावा ऑल्ट चालतो, उजवा चालत नाही. आणि मराठी टायपिंग चालू असलं की अक्षरं भलतीच येतात.

दोन्हींचं मूळ विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये आहे. आपल्याकडे बऱ्याच मशीनवर ‘इंग्रजी (भारत)’ ही मांडणी निवडलेली असते. तिच्यात उजवा ऑल्ट साधा ऑल्ट राहत नाही. रुपयाचं चिन्ह वगैरे काढण्यासाठी तो कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही मिळून दाबल्यासारखा वागतो. जुन्या प्रोग्रॅमला मग ऑल्ट+एक्सऐवजी कंट्रोल+ऑल्ट+एक्स मिळतो आणि तो गप्प बसतो.

एम्युलेटर उघडण्याआधी विंडोज+स्पेसने ‘इंग्रजी (युनायटेड स्टेट्स)’ निवडा. आधी, हे महत्त्वाचं. डॉसबॉक्स मांडणी सुरुवातीलाच ठरवून मोकळा होतो. मराठी इनस्क्रिप्ट लावून ठेवण्याची सवय असलेल्या डीटीपीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

१०. ऑल्ट+टॅब करून परत आलो की साधं अक्षर दाबलं तरी मेनू उघडतात.

ऑल्ट अडकला आहे. तुम्ही तो दुसऱ्या विंडोत सोडलात, डॉसबॉक्सला सोडल्याची बातमी मिळाली नाही. दोन्ही ऑल्ट एकेकदा दाबून सोडा.

११. वर्डपरफेक्टमध्ये मजकूर निवडायला ऑल्ट+एफ४ दाबलं तर विंडोच बंद होते.

हे पहिलं दार. ऑल्ट+एफ४ म्हणजे विंडो बंद, हा विंडोजचा नियम. मॅपरमधून शटडाउन हलवलात तरी हा थांबणार नाही. वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये तेच काम एफ१२ सुद्धा करतो, ते वापरा. दुसरा प्रोग्रॅम असेल आणि त्यात पर्याय नसेल तर मॅपरमध्ये कीबोर्डच्या चित्रातल्या एफ४ ला आणखी एक बटण जोडा, समजा स्क्रोल लॉक. मग ऑल्ट+स्क्रोल लॉक दाबलं की विंडोजला काही कळत नाही आणि प्रोग्रॅमला ऑल्ट+एफ४ मिळतो.

वर्डपरफेक्टवाल्यांनो, कंट्रोल+एफ९ तुमच्याकडे मर्ज आणि सॉर्टचा आहे. प्रश्न ३ आणि ४ तुमच्यासाठीही तितकेच.

१२. वर्डस्टारमध्ये कंट्रोल+एसने सेव्ह होत नाही, कंट्रोल+सीने कॉपी होत नाही.

होणारही नाही, आणि हा बिघाड नाही. वर्डस्टार १९७८ चा. तेव्हाच्या कीबोर्डवर बाणांची बटणं असतीलच असं नव्हतं, म्हणून कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स हा चौकोन कर्सर हलवण्यासाठी घेतला: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कंट्रोल+सीने पान खाली सरकतं. सेव्ह करून काम पुढे चालू ठेवायचं तर कंट्रोल+के, मग एस. मजकुराची सुरुवात के-बी, शेवट के-के, कॉपी के-सी, हलवणं के-व्ही. कंट्रोल+वाय मात्र जपून, अख्खी ओळ जाते.

नव्या मुलांना हे विचित्र वाटतं. पण ज्याने वर्डस्टारवर उत्सवातल्या नाटकांच्या नकला काढल्या आहेत त्याचे हात कीबोर्डच्या मधल्या ओळीवरून हलत नाहीत. डोळे हस्तलिखितावर, बोटं चालूच. त्या माणसाला माउस देऊ नका.

विंडोज आणि डॉस यांच्यात मजकूर इकडून तिकडे न्यायचा असेल तर मूळ डॉसबॉक्समध्ये ती सोय नाही, डॉसबॉक्स-एक्समध्ये आहे.

१३. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डॉस एम्युलेटरमध्ये कंट्रोल+डब्ल्यू दाबलं तर टॅबच गेला.

डीबेस, फॉक्सप्रो आणि क्लिपरमध्ये कंट्रोल+डब्ल्यू म्हणजे ‘लिहिलेलं ठेव आणि बाहेर पड’. ब्राउझरमध्ये ‘टॅब बंद कर’. विंडोजच्या पुढे ब्राउझर म्हणजे आणखी एक दार उभं राहतं, आणि कंट्रोल+डब्ल्यू, कंट्रोल+टी, कंट्रोल+एन ही बटणं ब्राउझर सहसा आतल्या पानाला देत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर २०१५ पासून डॉसचे हजारो प्रोग्रॅम असे ब्राउझरमध्ये उघडता येतात, ते बघायला छान. नोंदी करायच्या असतील तर डॉसबॉक्स मशीनवरच बसवा. अडलंच तर कंट्रोल+डब्ल्यूऐवजी कंट्रोल+एंड वापरून पाहा, या प्रोग्रॅममध्ये ते बहुधा तेच काम करतं.

१४. माझ्या लॅपटॉपवर पॉज, स्क्रोल लॉक, इन्सर्ट ही बटणंच नाहीत.

मॅपरमध्ये कीबोर्डच्या चित्रातलं ते बटण निवडा, ‘ॲड’ करा आणि तुम्हाला नको असलेलं एखादं बटण दाबा. रोज लागणाऱ्याला हा उपाय. कधीतरी लागत असेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, त्यावर ती बटणं असतात. आकड्यांच्या नोंदी भरायच्या असतील तर यूएसबीचं वेगळं नंबर पॅड घ्या. रोजकीर्द भरणाऱ्याला वरच्या ओळीतले आकडे दाबायला लावणं म्हणजे छळ आहे.

१५. मॅकवर कंट्रोल+एफ१ ने मॅपर उघडतच नाही.

एफएनही बरोबर धरा. तरी नाही उघडला तर सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या शॉर्टकटांत मॅकने कंट्रोलबरोबरची एफ-बटणं स्वतःसाठी घेतलेली दिसतील (उदाहरणार्थ कंट्रोल+एफ२ मेनूबारकडे जातो). ती बंद करा.

१६. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ टाकून जुनं डीटीपी चालवतो. कंट्रोल+ऑल्ट+डिलीट दाबलं तर बाहेरच्या विंडोजला लागतं.

लागणारच, ती जोडी विंडोज कुणालाच देत नाही. उजवा कंट्रोल धरून डिलीट दाबा, आतल्या विंडोज ९८ ला कंट्रोल+ऑल्ट+डिलीट मिळेल. उजवा कंट्रोल इथे ‘होस्ट’ बटण आहे, म्हणून तो आतल्या प्रोग्रॅमला कधीच पोचत नाही. पेजमेकरमध्ये उजव्या हाताने कंट्रोल दाबायची सवय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन होस्ट बटण दुसरं ठेवा.

१७. डॉसमधलं जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडतं, पण भाषा बदलायचं बटण काही केल्या चालत नाही.

आधी हे विचारा: त्या जुन्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड होतं का? सी-डॅकचं हे कार्ड संगणकाच्या आत बसवायचे आणि देवनागरी अक्षरं काढण्याचं काम तेच करायचं. डॉसबॉक्स त्या कार्डाची नक्कल करत नाही. मग बटण पोचतं, पण ऐकायला पलीकडे कुणी नसतं. मॅपरमध्ये कितीही खटपट केलीत तरी उपयोग नाही. प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकचंही तेच. अशा वेळी जुनं मशीन चालू असेतोवर त्यावरूनच मजकूर छापून घ्या आणि फाइलींची प्रत काढून ठेवा.

कार्ड नव्हतं, नुसतं सॉफ्टवेअर होतं, तर बहुधा स्क्रोल लॉकसारखं लॅपटॉपवर नसलेलं बटण लागत असेल. प्रश्न १४ पाहा.

१८. देवस्थानाचे खरे हिशेब डॉसबॉक्समध्ये ठेवले तर चालतील का?

डॉसबॉक्स बनवणारे स्वतःच सांगतात की तो गेम्ससाठी आहे, महत्त्वाच्या कामासाठी नाही. मूळ डॉसबॉक्समधून छपाईही होत नाही. कार्यालयीन कामाला डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस बरे, त्यांत छपाईची सोय आहे. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वीज जायला लागते तेव्हा, किंवा कंट्रोल+एफ९ चुकून लागलं तर, फॉक्सप्रोची इंडेक्स फाइल अर्धवट राहू शकते. मग नोंदी आहेत पण शोधून सापडत नाहीत. नोंदी गेल्या असं समजून घाबरू नका, रीइंडेक्स केल्यावर त्या बहुधा परत दिसतात. यूपीएस लावा, आणि दर संध्याकाळी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. डॉसचे प्रोग्रॅम लहान असतात, मिनिटसुद्धा लागत नाही.

१९. एकाच मशीनवर वडील फॉक्सप्रो वापरतात आणि मी गेम्स खेळतो. त्यांना बदललेली बटणं हवीत, मला मूळची. जमेल?

जमेल. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॅपर फाइलचं नाव लिहिलेली एक ओळ असते. कॉन्फिग फाइलची दुसरी प्रत करा आणि तिच्यात त्या ओळीवर मॅपरसाठी वेगळं नाव द्या. मग डेस्कटॉपवर दोन आयकॉन करा, एक एका कॉन्फिगने उघडणारा, दुसरा दुसऱ्याने. वडिलांच्या आयकॉनने उघडून एकदा मॅपरमध्ये जा, प्रश्न ४ प्रमाणे बटणं हलवा आणि सेव्ह करा. तो बदल फक्त त्यांच्या फाइलमध्ये जाईल. त्यांच्या कॉन्फिगच्या शेवटी फॉक्सप्रोचा फोल्डर जोडण्याची आणि प्रोग्रॅम सुरू करण्याची ओळही टाका, म्हणजे त्यांना काळा प्रॉम्प्ट दिसणारच नाही. आयकॉनवर डबल क्लिक केलं की सरळ हिशेबाचा पडदा.